भुलीची धास्ती आणि मोतीबिंदूचा डोळा

मोतीबिंदूचे ऑपरेशन करायचे ठरले, की आपल्या घरातली वडीलधारी माणसे डोळ्याबद्दल कमी आणि भुलीबद्दल जास्त विचारतात. “मला झोपवणार का?” “झोपवल्यावर उठलेच नाही तर?” “डोळा उघडा ठेवून कापताना सगळं दिसेल का?” हे प्रश्न डॉक्टरांना विचारले जात नाहीत. ते रात्री अंथरुणावर पडल्यावर सुनेला, नातीला किंवा शेजारणीला विचारले जातात. त्यांनाही उत्तर ठाऊक नसते. मग “पुढच्या महिन्यात बघू” म्हणून तारीख पुढे ढकलली जाते. पुढच्या महिन्यात पाऊस असतो, त्यानंतर कोणाचे तरी लग्न असते, आणि बघता बघता दोन वर्षे निघून जातात.

म्हणून या वेळी भुलीविषयी आणि ऑपरेशननंतरच्या दिवसांविषयी सविस्तर लिहायचे आम्ही ठरवले. आम्ही स्वतः दोन्ही डोळ्यांचे ऑपरेशन करून घेतले आहे. शिवाय वस्तीतल्या आणि नात्यातल्या अनेकांना त्यांचे अनुभव विचारले. त्यांत गिरणीत उभी हयात घालवलेले काका आहेत, सफाई खात्यातून निवृत्त झालेल्या मावशी आहेत, अजूनही भाजीची पाटी घेऊन बसणाऱ्या आत्याबाई आहेत. त्या सगळ्यांचे म्हणणे इथे एकत्र मांडत आहोत.

ही धास्ती आली कुठून?

ही धास्ती अगदीच खोटी नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी डोळ्याला मोठा छेद देऊन मोतीबिंदू काढत. टाके पडत. मग रुग्णाला कित्येक दिवस उताणे निजवून ठेवत, डोके हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावत. घरी आल्यावर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड भिंगाचा चष्मा. ज्यांनी लहानपणी आपल्या बापाचे किंवा आजीचे हे हाल पाहिले, त्यांच्या मनात तेच चित्र बसले आहे.

परंतु ते ऑपरेशन आता राहिलेले नाही. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरोल्ड रिडली या डॉक्टरांनी पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात कृत्रिम भिंग बसवले. युद्धात काही वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या प्लास्टिक काचेचे कण घुसले होते, आणि ते कण डोळ्याने निमूट सहन केल्याचे रिडलींनी पाहिले होते. त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली. आज दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून यंत्राच्या कंपनांनी मोतीबिंदू फोडून ओढून घेतात आणि घडी घातलेले भिंग आत सोडतात. दुसऱ्या पद्धतीत छेद थोडा मोठा असतो, पण तोही बहुधा टाक्यांशिवाय मिटतो. सरकारी रुग्णालयांत ही दुसरी पद्धतही मोठ्या प्रमाणावर वापरतात आणि तिचा निकाल चांगला येतो. दोन्ही पद्धतींत प्रत्यक्ष काम साधारण दहा ते वीस मिनिटांचे. बहुतेक माणसे त्याच दिवशी घरी येतात.

थेंबाची भूल कोणी शोधली?

डोळ्यात थेंब टाकून डोळा बधिर करण्याचा शोध लागला १८८४ साली. त्याआधी डोळ्याचे ऑपरेशन म्हणजे माणसाला घट्ट धरून ठेवायचे आणि सुरी चालवायची. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात कार्ल कोलर नावाचा, अजून सत्तावीस वर्षांचाही न झालेला एक डॉक्टर होता. कोकेनच्या पाण्याचा थेंब टाकला की डोळ्याची जाणीव जाते, हे त्याने आधी बेडकावर आणि इतर प्राण्यांवर पाहिले. मग तोच थेंब त्याने स्वतःच्या डोळ्यात टाकला आणि टाचणीचे डोके बुबुळाला लावून पाहिले. काही कळले नाही. सप्टेंबर १८८४ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथे डोळ्याच्या डॉक्टरांची सभा होती. तिथे जायला कोलरकडे भाड्याचे पैसे नव्हते. त्याचा निबंध दुसऱ्या डॉक्टरने वाचून दाखवला, आणि थोड्याच काळात जगभर डोळ्याची ऑपरेशने बदलून गेली.

पुढची हकिगत आपल्या वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावी अशी आहे. कोलर ज्यू होता. १८८५ च्या जानेवारीत त्याच रुग्णालयातल्या एका डॉक्टरने त्याला ज्यू म्हणून घाणेरडी शिवी दिली. कोलरने तिथल्या तिथे त्याच्या तोंडात मारली. प्रकरण तलवारीच्या द्वंद्वयुद्धापर्यंत गेले. शोध जगाने घेतला, पण व्हिएन्नात कोलरला हवी ती जागा काही मिळाली नाही. शेवटी तो अमेरिकेत न्यूयॉर्कला गेला आणि तिथेच आयुष्यभर डोळ्याचा डॉक्टर म्हणून राहिला. जन्मावरून हिणवल्या गेलेल्या एका गरीब डॉक्टरचे हे देणे आहे. डोळ्यासाठी कोकेन आता मागे पडले आहे, त्याच्या जागी अधिक सुरक्षित औषधे आली आहेत.

पिकू द्यायचा नाही

आपल्या डोळ्यात बाहुलीच्या मागे एक स्वच्छ भिंग असते. अंड्याचा पांढरा भाग शिजला की जसा दुधी होतो, तसे वयाबरोबर हे भिंग गढूळ होते. हाच मोतीबिंदू. मधुमेह असला, डोळ्याला मार लागला किंवा वर्षानुवर्षे स्टेरॉइडची औषधे घेतली तर तो लवकर येतो. कोणत्याही थेंबाने, मधाने, कांद्याच्या रसाने किंवा काजळाने तो विरघळत नाही. उलट असले पदार्थ डोळ्यात घातले तर जंतू जातात आणि बुबुळाला जखम होते.

“मोतीबिंदू पिकला की काढायचा” हा जुना नियम जुन्या पद्धतीसाठी होता. आता रोजच्या कामात अडचण येऊ लागली की काढावा. तांदळातले खडे दिसत नाहीत, बसचा नंबर वाचता येत नाही, जिन्याची पायरी चुकते, समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याने डोळे दिपतात, एवढी कारणे पुरेशी आहेत.

फार पिकू दिला तर काय होते, तेही सांगितले पाहिजे. आमच्या ओळखीच्या एका आजी भुलीच्या भीतीने तीन वर्षे टाळत राहिल्या. एका रात्री त्यांचे अर्धे डोके ठणकू लागले, उलट्या झाल्या, डोळा लालभडक झाला. घरच्यांना वाटले पित्त उसळले. दोन दिवस सोडा आणि लिंबूपाणी चालले. प्रत्यक्षात अतिपिकलेल्या मोतीबिंदूमुळे डोळ्यातला दाब वाढला होता. त्या दाबाने डोळ्याच्या मागची नस मरते, आणि मेलेली नस कोणत्याही ऑपरेशनने परत येत नाही. मोतीबिंदू नंतर काढला, पण त्या डोळ्याला आज फक्त उजेड-अंधार कळतो. ज्या भुलीला त्या घाबरत होत्या, ती शेवटी घ्यावीच लागली. तिचा उपयोग मात्र झाला नाही.

भूल देतात म्हणजे काय करतात?

मोतीबिंदूसाठी बहुतेक माणसांना पूर्ण झोपवत नाहीत. भूल फक्त डोळ्याला देतात, माणूस जागाच असतो. पूर्ण बेशुद्धीची भूल लहान मुलांना, किंवा सांगितलेले समजत नाही, डोके स्थिर राहत नाही अशा रुग्णांना देतात.

पहिली रीत इंजेक्शनची. डोळ्याच्या आत नव्हे, तर डोळ्याच्या भोवतालच्या जागेत औषध सोडतात. आमच्या पहिल्या डोळ्याला अशी भूल दिली होती. खालच्या पापणीपाशी मुंगळा कडकडून चावावा तशी एक कळ आली, मग डोळ्यामागे दाब जाणवला. औषध पसरावे म्हणून काही मिनिटे डोळ्यावर हलका दाब देऊन ठेवला. पाच-दहा मिनिटांत पापणी अशी जड झाली की ती आपली आहे असे वाटेना. पुढे ऑपरेशनभर दुखले नाही.

दुसरी रीत नुसत्या थेंबांची. सुई नाही. थेंब पहिल्यांदा झोंबतात, मग डोळा बधिर होतो. आमचा दुसरा डोळा असा झाला. यात दुखत नाही, पण स्पर्श कळतो, पाणी सोडलेले कळते, मध्येच दाबल्यासारखे वाटते. डोळा हलवता येतो, म्हणून डॉक्टर सांगतील तिकडे, बहुधा वरच्या दिव्याकडे, बघत राहावे लागते. तिसऱ्या रीतीत थेंब टाकून नंतर बोथट नळीने डोळ्याच्या आवरणाखाली औषध सोडतात. कोणती रीत घ्यायची, हे मोतीबिंदू किती कडक आहे, रुग्ण किती शांत राहू शकतो आणि डॉक्टरांचा हात कशात बसला आहे, यावर ठरते. “आमच्या शेजारणीला थेंबच दिले, मला सुई का?” असे म्हणून रुसण्यासारखे त्यात काही नाही.

गुंगीचे औषध

काही ठिकाणी भुलीबरोबर मन शांत करणारे औषध देतात. आधी एखादी गोळी, नाहीतर हाताच्या शिरेतून थोडेसे इंजेक्शन. याने माणूस बेशुद्ध होत नाही, हाक मारली की ओ देतो, पण छातीतली धडधड उतरते. यातल्या काही औषधांनी त्या वेळच्या गोष्टी लक्षातही राहत नाहीत. गिरणीवाले काका ऑपरेशन होऊन बाहेर आले तरी मुलाला विचारत होते, “माझा नंबर कधी लागणार?”

मग सगळ्यांना भरपूर गुंगी का देत नाहीत? कारण अर्धवट झोपलेला माणूस घोरतो, दचकून जागा होतो आणि डोके हलवतो, आणि डोळ्यात हत्यार असताना डोके हलणे धोक्याचे. वय झालेल्यांचा श्वासही जास्त गुंगीने मंदावू शकतो. म्हणून गुंगी बेताचीच देतात, आणि बोटाला चिमटा व दंडाला पट्टा लावून नाडी, प्राणवायू आणि रक्तदाब पाहत राहतात. अनेक ठिकाणी गुंगी देतच नाहीत, आणि तरीही ऑपरेशन बिनदुखत होते. घबराट फार असेल तर मात्र आधीच सांगावे, म्हणजे त्याप्रमाणे तजवीज करता येते.

एक गोष्ट आमच्याप्रमाणे बऱ्याच जणांनी सांगितली. पहिल्या डोळ्याच्या वेळी काहीच कळले नाही, दुसऱ्या वेळी जास्त जाणवले. पहिल्या वेळी माणूस भीतीने अवघडून काहीतरी भयंकर होण्याची वाट पाहत असतो, ते होत नाही म्हणून सोपे वाटते. दुसऱ्या वेळी धास्ती नसते, त्यामुळे लहानसहान गोष्टींकडेही लक्ष जाते. दुसऱ्या वेळी जास्त जाणवले म्हणजे काही बिघडले असे समजू नये.

टेबलावरची वीस मिनिटे

आधी लघवीला जाऊन यावे. मग टोपी घालतात, डोळ्याभोवती औषधाने पुसतात आणि तोंडावर कापड टाकतात. फक्त डोळ्यापुरते भोक असते. कापडाखाली हवेची नळी ठेवतात. तरीही काहींचा जीव घाबरा होतो. आत्याबाई म्हणाल्या, “मला वाटलं गुदमरले. पण नर्सबाईंनी हात धरून ठेवला, मग मी एकामागून एक भाजीचे भाव मनात म्हणत पडून राहिले.” जीव घाबरला तर तोंडाने सांगावे. हात वर नेऊन कापड ओढू नये, कारण निर्जंतुक केलेली जागा त्याने बाटते.

सुरी येताना दिसत नाही. दिसतो तो झगझगीत उजेड, आणि त्यात लाल, निळे, गुलाबी रंग पाण्यात हलल्यासारखे. काहींना सावल्या सरकताना दिसतात. यंत्राचा आवाज येतो, डॉक्टर एकमेकांशी बोलतात तेही ऐकू येते. हे आधी ठाऊक असले तर भीती निम्म्याने कमी होते. खोकला किंवा शिंक येणार असे वाटले तर आधी बोलावे; डॉक्टर थांबतात.

लाज न धरता सांगायच्या गोष्टी

भुलीचा धोका कमी करणे बऱ्याच अंशी आपल्याच हाती असते. मधुमेह, रक्तदाब, दमा, हृदयाचा विकार, पूर्वी एखाद्या औषधाची आलेली ॲलर्जी, हे सर्व सांगावे. रोजच्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नये आणि लपवूही नये. लघवी अडते म्हणून पुरुष जी गोळी घेतात, तिच्यातल्या काही औषधांनी ऑपरेशनच्या वेळी बाहुली नीट मोठी होत नाही, तीही दाखवावी. उताणे झोपल्यावर दम लागत असेल तर ते आवर्जून सांगावे. दाढ सुजली असेल, पायाला जखम चिघळली असेल, डोळ्यातून चिकट पाणी येत असेल, तर आधी ते बरे करून घ्यावे.

आणि दारू. आपल्या कित्येक घरांत ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवली जाते. “कधीमधी घेतात” असे बायको खाली मान घालून सांगते. रोज पिणाऱ्याला गुंगीचे औषध कमी-जास्त लागू पडते, आणि अचानक दारू तुटली की एक-दोन दिवसांत हात थरथरतात, माणूस बरळू लागतो. अशा माणसाला टेबलावर स्थिर कसे ठेवणार? डॉक्टर तुमचा न्यायनिवाडा करायला बसलेले नाहीत. खरे सांगितले तर ते वाट काढतील. विडी, मशेरी, गुटखा हेही सांगावे, कारण खोकल्याची उबळ ऑपरेशनच्या वेळी नको असते.

उपाशी यायचे की खाऊन, हे रुग्णालयावर आणि भुलीवर अवलंबून असते, विचारून घ्यावे. मधुमेह असणाऱ्यांनी त्या सकाळी गोळी किंवा इन्सुलिन घ्यायचे का, हेही विचारावे. आणि दवाखान्याने दिलेली तारीख अमावास्या आहे म्हणून बदलून मागू नये. डोळ्याला तिथी कळत नाही.

घरी आल्यावर पहिला दिवस

इंजेक्शनची भूल उतरायला काही तास लागतात. तोवर पापणी लोंबते, एकाचे दोन दिसतात. त्याने घाबरू नये. भूल उतरताना डोळा चुरचुरतो, पाणी येते, रेती गेल्यासारखे वाटते. डॉक्टरांनी दिलेल्या साध्या गोळीने ते थांबते. गुंगी दिली असेल तर तो दिवस आणि ती रात्र माणसाला एकटे सोडू नये. गॅसपाशी, रस्त्यावर, जिन्यावर एकटे जाऊ देऊ नये, कोणत्याही कागदावर सही-अंगठा घेऊ नये. फार वृद्ध माणूस काही तास गोंधळल्यासारखे बोलू शकतो. त्याच्याशी शांतपणे बोलावे, दिवा लावून ठेवावा. गोंधळ वाढतच गेला किंवा माणूस उठवूनही उठेना, तर लगेच दवाखाना गाठावा.

दुसऱ्या दिवशी बहुधा दवाखान्यातच पट्टी काढतात. तेव्हाचे अनुभव ऐकण्यासारखे असतात. पांढरा रंग निळसर पांढरा दिसतो, आकाश धुतल्यासारखे वाटते. सफाई खात्यातल्या मावशी घरी येऊन स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “भांडी इतकी काळी होती आणि कुणी मला सांगितलं नाही!” सगळ्यांनाच पहिल्या दिवशी असे लख्ख दिसत नाही. मोतीबिंदू कडक असेल तर बुबुळाला सूज येते आणि आठ-दहा दिवस धुके राहते. मधुमेहाने मागचा पडदा खराब झाला असेल किंवा काचबिंदू असेल, तर ऑपरेशन चांगले होऊनही नजर पूर्ण येत नाही. ही शक्यता किती, हे ऑपरेशनच्या आधीच विचारावे.

चार ते सहा आठवडे घरच्यांचे

ऑपरेशन डॉक्टर करतात, पण डोळा सांभाळतात घरचे. थेंबांचे वेळापत्रक सुरुवातीला दिवसातून अनेक वेळा असते, मग कमी कमी करत साधारण चार ते सहा आठवडे चालते. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये. आणि “उरली आहे बाटली” म्हणून महिनोन्महिने घालतही बसू नये, कारण त्यातल्या स्टेरॉइडने डोळ्याचा दाब वाढू शकतो.

साबणाने हात धुवावेत. रुग्णाला निजवून किंवा मान मागे करून खालची पापणी हलकेच ओढावी आणि त्या खोबणीत एकच थेंब सोडावा. बाटलीचे तोंड डोळ्याला, पापणीला, बोटाला लागू देऊ नये. दोन वेगळ्या औषधांमध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत. घरात वाचता येणारे कोणी दुपारी नसेल, तर बाटल्यांना वेगवेगळ्या रंगांचे दोरे बांधावेत आणि कॅलेंडरवर खुणा कराव्यात. शाळेत जाणारी नात हे काम मोठ्या माणसापेक्षा चोख करते, असा आमचा अनुभव आहे.

डोळा चोळू नये. रात्री प्लास्टिकची ढाल लावून, ऑपरेशन न झालेल्या कुशीवर झोपावे. गळ्याखालून अंघोळ चालते. डोक्यावरून पाणी डॉक्टर परवानगी देतील तेव्हाच. तोवर स्वच्छ ओल्या फडक्याने चेहरा पुसावा, डोळा सोडून. चुलीचा धूर, झाडलोटीची धूळ, पाण्याची कळशी, गव्हाचा डबा, कमरेतून खाली वाकणे, हे सर्व डॉक्टर सांगतील तोवर बंद. विहारात वंदनेच्या वेळी जमिनीवर डोके टेकवू नये. बसून हात जोडावेत. बांधकामावर किंवा हमालीला जाणाऱ्यांनी कामावर कधी जायचे ते विचारूनच ठरवावे.

खाण्याचे पथ्य नाही. भात खाल्ला की पू होतो, अंडी-मासे बाधतात, वांगे नको, या साऱ्या ऐकीव गोष्टी. डाळ, भाकरी, अंडी, भाजी, जे रोज खाता ते खावे. बद्धकोष्ठ मात्र होऊ देऊ नये, कारण कुंथण्याने डोळ्यावर ताण येतो. चष्म्याचा नंबर साधारण महिना-दीड महिन्याने काढतात. साधे भिंग बसवल्यावर दूरचे चांगले दिसते, पण वाचायला चष्मा बहुधा लागतोच. ते ऑपरेशन फसल्याचे लक्षण नव्हे. पुढे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर झाले तर “मोतीबिंदू परत आला” म्हणून हाय खाऊ नये. बसवलेल्या भिंगामागची पातळ पिशवी गढूळ होते. लेसरने ती काही मिनिटांत मोकळी करतात, सुईही लागत नाही.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

ऑपरेशननंतर डोळा रोज थोडा थोडा बरा होत गेला पाहिजे. उलट होऊ लागले, म्हणजे दुखणे वाढले, लाली वाढली, नजर कालच्यापेक्षा आज कमी झाली, पू आला, पापण्या सुजल्या, तर डोळ्यात जंतू शिरलेले असू शकतात. हे क्वचित घडते, पण घडते तेव्हा बहुधा पहिल्या काही दिवसांतच घडते, आणि तासातासाने नुकसान होते. डोळ्यापुढे विजा चमकल्या, काळे ठिपके एकदम वाढले किंवा एका बाजूने पडदा आल्यासारखे झाले, तरीही तसेच. सोमवारची वाट पाहू नका, औषधाच्या दुकानातून थेंब आणून घालू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. रविवारी आणि रात्री कोणाकडे यायचे, हे घरी निघण्यापूर्वीच विचारून कागदावर लिहून घ्या.

पैसा, खाडा आणि “मला आता काय बघायचंय”

अंधत्व रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्या देशात १९७६ पासून चालू आहे. त्याखाली सरकारी रुग्णालयांत मोतीबिंदूचे ऑपरेशन भिंगासह मोफत होते. वस्तीत शिबिर लागले तर तिथे तपासणी करून घ्यावी. ऑपरेशन मात्र रुग्णालयाच्या थिएटरमध्येच व्हायला हवे. कोणते भिंग बसवले त्याचे कार्ड आणि सगळे कागद जपून ठेवावेत.

खरी अडचण पुष्कळदा खाड्याची असते. सोबत जाणाऱ्याची मजुरी बुडते. नेण्याचा एक दिवस, पट्टी काढण्याचा एक दिवस, मग तपासणीचे दोन-तीन दिवस. हे एकट्या मुलावर टाकले तर तारीख पुढे जाणारच. मुलगा, मुलगी, सून, जावई, शेजारी यांनी दिवस वाटून घ्यावेत. महिला मंडळांनी आणि मित्रमंडळांनी वस्तीतल्या चार-पाच जणांना एकाच दिवशी घेऊन जाण्याची सोय केली, तर एका माणसाच्या खाड्यात पाच डोळे मार्गी लागतात.

आमच्या पाहण्यात आणखी एक गोष्ट आहे. घरात म्हातारा-म्हातारी दोघांनाही मोतीबिंदू असला, तर आधी म्हाताऱ्याचे ऑपरेशन होते. म्हातारी म्हणते, “मला आता काय बघायचंय?” हे तिचे समाधान समजून गप्प बसू नका. त्यात भुलीची भीती असते, मुलाची मजुरी बुडेल याची काळजी असते, आणि आयुष्यभर सगळ्यांच्या शेवटी जेवण्याची सवय असते. तीच आजी अंदाजाने विळीवर भाजी चिरते, अंदाजाने गॅस पेटवते, अंधारात मोरीकडे जाताना पडते. खुब्याचे हाड मोडले तर त्यासाठी घ्यावी लागणारी भूल मोतीबिंदूच्या भुलीपेक्षा कितीतरी मोठी असते.

तेव्हा आज संध्याकाळी घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून हा मजकूर मोठ्याने वाचून दाखवा. त्यांना एक डोळा झाकून समोरचे कॅलेंडर वाचायला सांगा; वाचता येत नसेल तर हाताची बोटे मोजायला सांगा. मग दुसरा डोळा. कमी दिसत असेल तर याच आठवड्यात तपासणीला न्या. भुलीबद्दल त्यांच्या मनात जे जे असेल ते त्यांच्याच तोंडून डॉक्टरांना विचारू द्या. आणि तारीख मिळाली की त्या दिवशी सोबत कोण जाणार, हे आधी ठरवा.